सुरमईचे कल्ले

मी यवतमाळकडची. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो बाविसाव्या वर्षी, आणि पुण्यात येऊन पीएचडीला विषय घेतला समुद्रातल्या माशांवर जगणाऱ्या कोपेपॉडचा. तांदळाच्या कणीएवढे हे परजीवी माशाच्या कल्ल्यांना घट्ट धरून बसतात आणि त्याच्यावरच पोसतात. विषय माझ्या मार्गदर्शक सरांनी सुचवला होता. मी मान डोलावली होती. पाच वर्षं झाली तरी तो संपत नव्हता. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण दाखवलं की सर म्हणत, "अजून एक-दोन नव्या जाती मिळतात का बघ."

म्हणून मी सकाळी मासळी बाजारात जायची. तिथली एक मावशी मासे साफ करताना कल्ले माझ्यासाठी बाजूला ठेवायची. त्या दिवाळीच्या तोंडावर तिने दिलेल्या सुरमईच्या कल्ल्यात मला एक मादी दिसली. तिच्या अंड्यांच्या पिशव्या इतक्या लांब होत्या की तशा मी कधी पाहिल्या नव्हत्या. पण लॅबला सुट्टीचं कुलूप लागलेलं. मी सदाशिव पेठेतल्या खोलीवर आले आणि डबा घट्ट बंद करून, दोन पिशव्यांत गुंडाळून घरमालकीणकाकूंच्या फ्रिजमध्ये मागे सारला.

तासाभरात हाक आली. डबा ओट्यावर उघडा होता.

"हे काय आहे?"

"काकू, अभ्यासाचं आहे. चारच दिवस..."

"आमच्या फ्रिजमध्ये दूध असतं, दही असतं. मढी नसतात. आधी हे बाहेर न्या, आणि महिनाअखेर आपणही दुसरी खोली बघा."

डबा घेऊन मी रस्त्यावर आले. दुकानांत आकाशकंदील लागले होते. तेवढ्यात बाबांचा फोन. "दिवाळीले तरी येशील ना? तुयं शिक्षण सरते तरी कधी?" मी म्हटलं, लवकरच. हे मी तीन वर्षं म्हणत होते.

मासळी बाजारात मावशी आवराआवर करत होती. तिने काही न विचारता डबा बर्फाच्या पेटीत तळाशी ठेवला. मग म्हणाली, "किती वर्षं चाललंय हे, ताई?"

"पाच."

"मग सोडून द्या की."

"सोडून काय करू, तेच कळत नाही, मावशी." एवढं बोलले आणि मला रडू आलं. तिने हात पुसले, स्वतःचं स्टूल माझ्याकडे सरकवलं आणि उरलेले मासे आवरायला लागली.

लॅब उघडल्यावर मादी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. दोन दिवस पुस्तकं चाळली. तिची नोंद केरळच्या किनाऱ्यावर आधीच झालेली होती; जात नवी नव्हती. सर म्हणाले, "हरकत नाही. शोध चालू ठेव."

"नाही सर," मी म्हटलं. "आहे तेवढ्यावर मला प्रबंध द्यायचाय."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

तोवर मला वाटत होतं, अडवून त्यांनी ठेवलंय.

मी नारायण पेठेत खोली घेतली. प्रबंधावर सरांची सही मिळायला आणखी आठ महिने गेले. त्या आठ महिन्यांतही मी रोज सकाळी लॅबमध्ये जाऊन बसायची. करण्यासारखं काही उरलं नव्हतं, पण दुसरीकडे कुठे जायचं, हे मला अजून ठरवता येत नव्हतं.