दुसरा रूळ

गल्लीत त्याला टेलर कुणी म्हणत नसे. मालडबा म्हणत. नाव बायकोनेच पाडलं होतं. "इंजिन लावल्याशिवाय हलत नाही, आणि हलला तर वाटेत कुठेही थांबून बसतो," असा खुलासा ती शेजारणींना करी. इंजिन कोण, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

मालडब्याला वेड होतं घरामागून कागद गिरणीला जाणाऱ्या मालगाडीचं. ती बंद होऊन जमाना लोटला. रूळ उखडले, त्या जागी घरं उठली. याच्या डोक्यात मात्र गाडी अजून धावत होती, आणि वेळेवर धावत होती, जे तिला हयातीत कधी जमलं नव्हतं. गिऱ्हाइकाने मापासाठी हात वर केले की टेप छातीभोवती अडकायचा आणि गोष्ट सुरू व्हायची. लोक रुळांवर आडवी दोरी बांधून कपडे वाळत घालायचे. ड्रायव्हर वळणावरून शिट्टी द्यायचा, बायका धावत येऊन दोऱ्या सोडायच्या. एखादी चादर राहिलीच तर गार्ड खाली उतरून तिची नीट घडी करायचा आणि कुंपणावर ठेवायचा. "असा गार्ड आता मिळेल का?" मालडबा विचारायचा. गिऱ्हाईक मान हलवायचं. हात बिचाऱ्याचे वरच असायचे.

बायको लग्न होऊन आली तेव्हा गाडी बंद पडलेली होती. पण न पाहिलेल्या गोष्टीवरून भांडू नये, असा काही त्या घरात कायदा नव्हता. तो म्हणाला डबे लाल होते, की ती म्हणायची तपकिरी. संसाराची गाडी त्यावरच चालली होती.

घोटाळा झाला तो मेहुण्यामुळे. जेवताना मालडबा सांगत होता, "गिरणीच्या अलीकडे दोन रूळ होते. इंजिन पुढून सुटायचं, दुसऱ्या रुळावरून मागे यायचं आणि शेपटाला लागायचं. तो दुसरा रूळ म्हणजे आपली ही शेगडी आहे ना, बरोबर तिच्या खालून."

मेहुणा लहानपणी शाळेसाठी मामाकडे, गिरणीच्या पुढच्या फाटकासमोर राहिलेला. त्याने घास गिळला. "भावोजी, रूळ एकच होता. दुसरा तुमच्या डोक्यातून जातो."

सगळे हसले. मालडबाही हसला. पण दुसऱ्या दिवशी तो म्हाताऱ्या न्हाव्याकडे गेला, तर न्हावीही म्हणाला, "एकच. दुसरा कशाला पाहिजे?"

तेव्हा मालडबा तसाच घरी परतला. त्याला वडील आठवले. शेवटी शेवटी ते बादली घेऊन अंगणात विहीर शोधायचे. "इथेच होती रे, या कोपऱ्यात, चार पायऱ्यांची." त्या अंगणात विहीर कधी नव्हतीच. आणि बोलण्यात खात्री किती! खात्री तर आपल्यालाही आहे, असं वाटून मालडब्याचा शिवणयंत्रावरचा पाय थांबला.

त्याहून वाईट म्हणजे बायकोने भांडणं सोडलं. वडिलांचं सगळं तिनेच केलं होतं. तिला कळायचं ते कळलं असावं. तो म्हणाला, "डबे लाल होते," तर ती मऊ आवाजात म्हणाली, "असतील हो." तो म्हणाला, "दुसरा रूळ होता गं." ती म्हणाली, "तुम्ही म्हणताय म्हणजे असणारच." एवढं गोड ती सासऱ्यांशी बोलायची, बादली काढून घेताना.

त्याने गाडीचं नाव काढणं सोडलं. गिऱ्हाइकांचे हात लवकर खाली येऊ लागले, आणि त्यांनाही काहीतरी चुकल्यासारखं वाटू लागलं.

अशात स्वयंपाकघरातली मोरी तुंबली. नळवाला आला. फरशी उचकटून त्याने छिन्नी मारली, ती खणकन वाजली. थोडं बाजूला मारली, पुन्हा खणकन.

"काका, इकडे या. खाली काय पुरून ठेवलंय? तिजोरी?"

मालडबा गळ्यातल्या टेपसकट पालथा पडला. हाताने राख बाजूला केली. गिरणीची जुनी काळी राख. खाली गंजलेला, पण चांगला जाडजूड रूळ होता. त्याने त्यावर तळवा ठेवला.

"पाइप कसा न्यायचा? कापू का?" नळवाल्याने विचारलं.

"हात तर लाव!"

बायको दारात उभी होती. ती हळूच पुढे आली, वाकून पाहिलं, मग उपड्या बादलीवर बसली आणि पदराने डोळे पुसू लागली. नळवाला घाबरला. "काकू, मोरी होईल हो दुरुस्त."

"म्हणजे होता," ती म्हणाली.

"होता," मालडबा जमिनीवरूनच म्हणाला.

तिने नाक पुसलं, एक मोठा श्वास सोडला. आणि मग शिट्टी झाली.

"अहो, मग हे स्वयंपाकघर बांधलं तेव्हा तुमचे डोळे कुठे होते? गवंड्याने रुळावर फरशी बसवली आणि घरमालकाला पत्ता नाही?"

"मी त्या दिवशी... मोठ्या स्टेशनात नवीन इंजिन येणार होतं..."

"इंजिन बघायला! घरात रूळ, आणि हे गावभर इंजिन बघत हिंडतायत! आणि शेगडीखालून म्हणत होतात ना? शेगडी त्या भिंतीला आहे. हा मोरीखाली निघाला. तेही चुकलंच!"

"चुकलं," मालडबा म्हणाला. "साफ चुकलं!" जन्मात चूक कबूल करताना तो इतका खूश झाला नव्हता.

तिने भावाला फोन लावला. "दादा, रूळ दोन होते. ये आणि बघ. आणि पुन्हा माझ्या नवऱ्याच्या डोक्यावरून बोललास, तर याच रुळावर जेवायला बसवीन."

फोन ठेवून तिने चहाचं आधण टाकलं. मालडबा अजून पालथाच होता. खात्री करून घ्यावी म्हणून तो हळूच म्हणाला, "डबे मात्र लाल होते."

"तपकिरी!" ती कडाडली. "आणि उठा आता, मालडबा कुठले!"

मालडबा उठला नाही. रुळावर गाल टेकवून, डोळे मिटून, समाधानाने पडून राहिला.