खिंडीत पाठ झालेला धवला

आमच्या खाडीकाठच्या गावात लग्नातल्या गाण्यांना धवला म्हणतात, आणि तो गाणारी बाई ती धवलारीण. तिनं सुरुवात केल्याशिवाय आमच्यात नवरीला हळद लागत नाही. एवढं खरं धरा. पुढचं निम्मं सोडून दिलंत तरी माझी हरकत नाही.

आमची धवलारीण म्हणजे शेजारची आत्या. साऱ्या गावाची आत्या. धरमतरपासून रोह्यापर्यंत बोलावलेलं एक लग्न तिनं चुकवलं नाही, आणि नारळापलीकडे कुणाकडून काही घेतलं नाही. लग्न नसेल त्या दिवशी पेणच्या दवाखान्यात कुणाच्या तरी उशाशी बसलेली. तिला न्यायला-आणायला मी आणि माझी मिनीडोअर रिक्षा. गाडी सहा माणसांची, पण एकदा आत्यानं तीत अकरा बायका कोंबल्या. हळदीची परात मांडीवर घेऊन मी गाडी रोह्यापर्यंत नेली. बायको म्हणते, नागोठण्यापर्यंतच.

मागच्या साली रोह्याकडच्या एका हळदीच्या दोन दिवस आधी, मोठ्या उधाणात शेतांच्या बांधाला खांड पडली. खारं पाणी आत शिरलं की पुढची दोन-तीन वर्षं भात विसरायचा. आत्या बांधावर उभी राहून गावाला हाका मारत सुटली. अशा हाका, की खाडीतले बार्ज थबकले आणि वडखळच्या नाक्यावर अडकलेल्या गाड्या घाबरून सुटल्या. गाव चिखल घेऊन धावलं, खांड बुजली. आत्याचा आवाज मात्र त्या खांडीतच राहिला. डॉक्टरांनी सांगितलं, महिनाभर तोंडातून शब्द काढायचा नाही.

आणि हळद कुणाची, तर जिच्या जन्माच्या वेळी आत्यानंच तिच्या आईला पेणला नेलं होतं त्या पोरीची. "हिच्या हळदीला मी गाईन," असा शब्द आत्यानं त्या आईला दिला होता. आई वर्षभरात गेली. पोर मावशीकडे वाढली. शब्द तसाच राहिला होता.

मांडवात नवरी पाटावर बसली. माझ्या गाडीतून आलेल्या गावच्या बायका आत्याच्या तोंडाकडे बघतायत, आत्या गळ्याला हात लावून मान हलवतेय. दुसरं कुणी पुढं होईना. वर्षानुवर्षं आत्या म्हणत आली होती, "शिकून घ्या गो." आणि त्या म्हणत आल्या होत्या, "तू हायस ना."

आत्यानं मांडवभर नजर फिरवली आणि बोट माझ्याकडे केलं.

तिचा हिशेब बरोबर होता. वीस वर्षं ती माझ्या पाठीमागं बसून वाटेत सगळा धवला घोळवायची. हळदीची गाणी वडखळला, मांडवाची नागोठण्याला. पण हायवेवर हॉर्नात मला काय ऐकू येणार? रोह्याच्या आधीची खिंड लागली, गाडी पहिल्या गिअरवर आली, की गाणं कानात स्वच्छ उतरायचं. तेवढंच माझं पाठ होतं. मी डोळे मिटले आणि मोठ्यानं सुरू केलं.

दुसऱ्या ओळीला मावशी हुंदके द्यायला लागली. मला वाटलं, काय झकास गातोय मी.

"अरे मेल्या," एक म्हातारी म्हणाली, "पोरीला अजून हळद नाय लागली, आणि तू तिला सासरी धाडतोस?"

खिंडीत आत्या पाठवणीचं गाणं म्हणायची, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

"मला एवढंच येतं," मी म्हटलं आणि पुढची ओळ आणखी वर उचलली. मांडवाच्या खांबावरचा कावळा उडाला तो थेट पेणपलीकडच्या जिते गावात जाऊन बसला.

"गप रे. हळदीचं असं हाय," म्हणत म्हातारीनं मला हातानं बाजूला सारलं आणि पहिली ओळ धरली. दुसरीनं पुढची. अडलं तिथं आत्या हातानं खूण करी, आणि कुणाला तरी ती ओळ आठवेच. सगळ्यांना येत होतं. जन्मभर ऐकलेलंच ते. हळद रीतसर लागली. नवरी आत्याकडे बघून हसली. आत्यानं पदर डोळ्यांना लावला, आणि वर माझ्या पाठीत एक धपाटा घातला.

आत्याचा आवाज परत आला, पण निम्माच. आता माझ्या गाडीत मागं ती म्हातारी आणि आणखी दोघी बसतात, आणि आत्या त्यांच्या चुका काढते. मला एकच अट घातलीय: खिंडीत तोंड उघडायचं नाही. ती मी पाळतो. फक्त हॉर्न वाजवतो, तोही सुरात.