जफरचा झारा

वणीत जफरचं गॅरेज सगळ्या ट्रकवाल्यांना माहीत होतं, पण त्याला स्वतःला कौतुक होतं ते त्याच्या झाऱ्याचं. धातू शोधायचं मशीन त्यानं नागपुरातून जुनं आणलेलं. झारा मात्र घरचा. ट्रकच्या फुटक्या सायलेन्सरचा डबा कापून त्याला भोकं पाडली आणि लांब दांडा वेल्ड केला. वर्धा नदीच्या वाळूत कुणाची अंगठी, कुणाचं जोडवं पडलं, की लोक जफरला बोलावत. तो आला की आधी सगळ्यांना बाजूला सारायचा. मशीन वाजतं तिथंच कधी खणायचं नाही, वीतभर सोडून तिरकं खणायचं, नाहीतर ओली वाळू ढासळते आणि वस्तू आणखी खाली जाते, हे तो इतकं रंगवून सांगे की अंगठीवालाही घटकाभर अंगठी विसरे. मग झारा भरून वाहत्या पाण्यात हलवायचा. वाळू गळते, वस्तू राहते. भोकं त्यानं मोठीच पाडली होती. बारीक भोकांना फार वेळ लागतो, आणि जफरला लोकांसमोर ताटकळणं आवडत नसे.

एका रविवारी घरचीच मंडळी डबे घेऊन नदीवर गेली. त्याच्या अम्मीनं, खैरुनबीनं, तोंड धुताना नाकातली सोन्याची फुली काढून सुनेकडे, नसरीनकडे दिली. नसरीननं ती ओढणीच्या टोकाला बांधली आणि भांडी घासायला बसली. उठून पाहते तर गाठ सुटलेली.

जफर मशीन आणि झारा घेऊन आला. भांडी घासली तिथंच मशीन वाजलं. जफरनं तिरकं खणलं, झारा भरला, पाण्यात हलवला. उरले नुसते खडे. पुन्हा खड्ड्यावर मशीन धरलं तर ते गप्प. आजूबाजूची वाळूही त्यानं पालथी घातली. शेवटी मोठ्या तोऱ्यात सांगून टाकलं, की फुली इथं नाहीच, असती तर आपल्या हातून सुटली नसती.  खैरुनबीनं सुनेकडे पाहिलं.

घरी आल्यावर जफरनं नसरीनला विचारलं, "खरं सांग, ठेवली काय कुठं?"

वाळूतच पडली, एवढंच ती म्हणाली. भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवसापासून खैरुनबी कपाटाची किल्ली कमरेला लावून फिरू लागली. हिवाळ्यात ती वारली तेव्हाही किल्ली कमरेलाच होती. मग ती किल्ली भिंतीवरच्या खिळ्यावर आली, पण नसरीन तिला हात लावत नसे. कपाटातून काही हवं असलं की ती जफरला उघडायला सांगे.

उन्हाळ्यात गॅरेज झाडताना मातीत सांडलेले नट वेगळे करायला जफरनं झारा घेतला. हलवला तसा एक छोटा नट भोकातून निसटून त्याच्या पायाशी पडला. त्यानं तो उचलून चिमटीत धरला. अम्मीची फुली याहून लहान होती. म्हणजे मशीन खोटं वाजलं नव्हतं. फुली झाऱ्यात आली होती आणि त्यानंच ती पाण्यात हलवून सोडून दिली होती. भर दुपारी त्यानं गॅरेज बंद केलं.

झाऱ्याला आतून पिठाच्या चाळणीची जाळी बसवून तो नदीवर गेला. पण मधल्या पावसाळ्यात पूर येऊन गेला होता, वाळूसुद्धा तेव्हाची राहिली नव्हती. रिकाम्या हातानं तो परतला. नसरीन तुरीची डाळ निवडत बसली होती. तिच्यासमोर बसून त्यानं सगळं सांगितलं, झाऱ्याचं, नटाचं.

"तू खरं बोलत होती," तो म्हणाला. "माह्याच हातून गेली."

नसरीननं सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला.

"मले काहून सांगता?" ती म्हणाली. "मले तं माहीतच होतं. अम्मीले सांगाचं होतं."