कमलाजींनी परत दिलेली फ्रेम

गेल्या महिन्यात एका रविवारी सांगानेरला गेले होते... लाकडी ठप्प्यांनी हाताने कापड छापणाऱ्या बायकांची निदर्शनं होती. कारखान्यात बायकांसाठी संडास हवा, एवढीच मागणी.

मी इकडेच रेल्वेत नोकरीला. पण सुट्टीच्या दिवशी कुठे मोर्चा आहे कळलं की माझा पाय घरात ठरत नाही. गळ्यात डिजिटल कॅमेरा आणि पिशवीत बाबांचा जुना रोलवाला.

बायका घुंघट ओढून उभ्या होत्या. ऊन चढलं, पाणी प्यायला एकेकीने घुंघट वर केला आणि मी अधाशासारखी दोन्ही कॅमेऱ्यांनी फोटो काढत सुटले. विचारायचं भानच राहिलं नाही.

थोड्या वेळाने त्यांच्यातल्या कमलाजी आल्या, साठीच्या असतील. म्हणाल्या, "दीदी, सेठ ने पहचान लिया तो काम गया. मिटा दो." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांच्यासमोर स्क्रीनवर एकेक फोटो डिलीट केला.

मग त्यांनी दुसऱ्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं. त्यात एकच फोटो पुसायची सोय नसते... मागचं झाकण उघडलं की अख्खा रोल खलास. त्याच रोलवर आई भुसावळहून आली होती तेव्हाचे, कानोता धरणावरचे फोटो होते. तरी मी झाकणाला हात घातला.

आधीचं काय आहे यात, त्यांनी विचारलं. आईचे फोटो म्हटल्यावर माझा हातच धरला. रोल धुऊन त्यांच्या फोटोंचा तुकडा त्यांनाच आणून द्यायचा, असं ठरलं. सगळ्यांची नोकरी एका अनोळखी बाईच्या शब्दावर सोपवून त्या रांगेत परत गेल्यासुद्धा...

रोल मी बाथरूममध्ये स्वतःच धुतला. त्यांची पट्टी कापून परवा घेऊन गेले. मनात म्हटलं, निगेटिव्हच तर आहे, काळ्याचं पांढरं झालेलं, यात कोण कोणाला ओळखणार?

कमलाजींनी पट्टी खिडकीच्या उजेडात धरली. "ये संतोष. ये मंजू. ये मैं." एकही चुकली नाही. मी इतकी वर्षं फोटो काढतेय, पण प्रिंट हातात आल्याशिवाय मला चेहरा ओळखता येत नाही. कसं ओळखलंत, मी विचारलं.

त्या हसल्या. "ठप्पा भी तो उल्टा ही होता है, दीदी. चालीस साल से उल्टा ही देख रही हूँ."

मग कात्री घेऊन त्यांनी चेहऱ्यांच्या सगळ्या फ्रेम्स कापून ठेवून घेतल्या. एक मला परत दिली. त्यात नुसते हात आहेत, एकमेकींचे घट्ट धरलेले, नखांत रंग मुरलेला. म्हणाल्या, "ये छाप दो."

सोबत लावलाय तो हाच फोटो. संडासाचं बोलणं अजून चालूच आहे. त्यांचे चेहरे त्यांच्याकडे सुखरूप आहेत... आणि माझी आई माझ्याकडे आहे, ती त्यांच्यामुळे.