कोपरीतली नाकेबंदी

"नाकेबंदी! आजपासून त्या नाखव्याची संपूर्ण आर्थिक नाकेबंदी!"

माझ्या बायकोचे मामा जिन्यात उभे राहून असे गरजले, की खाडीतले बगळे थेट मुंब्र्यापर्यंत उडाले. जिन्यात गरजणं त्यांचं रोजचंच, त्यामुळे दार मात्र कुणी उघडलं नाही. जगाचं राजकारण इतकं समजलेला आणि शेजारचं इतकं न समजलेला माणूस ठाणे जिल्ह्यात दुसरा झाला नाही. कल्याणच्या कॉलेजात आयुष्यभर आंतरराष्ट्रीय संबंध शिकवल्यामुळे त्यांना भाजीवालाही सार्वभौम राष्ट्र वाटायचा. मामींनी वरची कोथिंबीर फुकट मागितली की ओरडायचे, "घेऊ नकोस! आज जुडी देईल, उद्या आपलं परराष्ट्र धोरण ठरवेल!"

समोरच्या दारातले नाखवा हे त्यांचं लाडकं उदाहरण. तिकडून माशांचं कालवण यायचं, इकडून गॅलरीतल्या कुंडीतला कढीपत्ता जायचा. मामा बोटं चाटत मला समजावत, "जावईबापू, उदारमतवादी म्हणेल, देवाणघेवाण आहे म्हणून शांतता आहे. वास्तववादी म्हणेल, ज्याला गरज जास्त, त्याचा गळा दुसऱ्याच्या हातात. आणि तिसरा पंथ विचारेल, मुळात हे दोघे एकमेकांना समजतात काय?" तिसऱ्या पंथापर्यंत कालवण संपलेलं असायचं, त्यामुळे तो नेहमी राहून जायचा.

मग इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं. सगळ्यांनी एकजुटीने अडून राहायचं, असा मामांचा डाव. आणि नाखवांनी पहिल्याच दिवशी संमतीची सही ठोकली. म्हणून ही नाकेबंदी. कढीपत्ता बंद, समोर जाणं बंद. महिन्याभरात घरं रिकामी व्हायची होती. मामा डोंबिवलीला, नाखवा मुलाकडे मोहन्याला. इतक्या वर्षांचा शेजार असा मुकाट संपणार म्हणून मामी कासावीस. कढीपत्ता तेवढा स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्या चोरून पोचवत होत्या.

इकडे नाखवांकडूनही कालवण येईना. "प्रतिनिर्बंध!" मामा म्हणाले. "टिकायचे नाहीत. शरण येतील." दुसऱ्या आठवड्यात मामांचेच गाल बसले. तिसऱ्यात ते समोरच्या बंद दाराला कान लावून फोडणीचा आवाज ऐकताना सापडले. "गुप्तवार्ता," एवढंच पुटपुटले.

आता तिथे एवढे मजले उभे आहेत, की समोर कोण राहतं हे त्या दारांनाही ठाऊक नसेल. पण टेम्पो आला त्या दिवशी मामा चपलाही न घालता समोर गेले, ते मला अजून दिसतं. त्यांना इतक्या हळू बोलताना मी तेव्हा एकदाच ऐकलं.

"नाखवा, मी निर्बंध उठवतोय. एकतर्फी. घास उतरत नाही हो."

नाखवा पेटीला दोरी आवळत होते. मान वर न करता म्हणाले, "कसलं निर्बंध, सर? आमाला वाटला, यंदा तुमी श्रावन पालताव."