खळ्यावरची तिची जागा

"आज जरा थंडीच हाय, काका."

हे तिने मला पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा मे महिना चालू होता. वारा पार पडलेला. वर ओढून ठेवलेल्या होड्यांच्या सावलीत कुत्री जिभा काढून पडली होती. आणि ही बाई डोक्यावरून ओढणी गुंडाळून, उघड्या खळ्यावर बसून, जवळा पसरत होती. घाम नाकाच्या शेंड्यावरून टपटपत होता. तो तिने मनगटाने पुसला आणि माझ्याकडे बघत दोन्ही तळहात एकमेकांवर चोळले, शेकोटीपुढे चोळतात तसे.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. जितकं जास्त सोसावं लागेल तितकं उलट बोलतात. पण त्यातही ही वेगळीच होती.

ती नेपाळची. आमचा कोळीवाडा बोर्ली पंचतनच्या बाजूला. इकडच्या बोटींवर आता बरेच खलाशी नेपाळी असतात. डोंगरातली पोरं, जन्मात समुद्र न बघितलेली. येतात, पहिला महिना ओकत काढतात आणि मग जाळं ओढायला लागतात. पण ती एकटी येतात. हिचा नवरा माझ्या बोटीवर आला तो बायकोला घेऊन. मी तेव्हा स्वतः तांडेल होतो. बोट माझी आणि बोटीवर शब्दही माझाच चालायचा. एप्रिलचा महिना आणि तिच्या अंगात लोकरीचा स्वेटर! गाल भाजल्यासारखे लाल झालेले. मी बायकोला म्हणालो, "ही कसली टिकते? पावसाच्या आत भुर्रकन जाईल." मराठी तिला येत नव्हतं. पण बोलताना मी हाताने पाखरू उडवून दाखवलं, ते तिला बरोबर कळलं.

तो स्वेटर तिने नंतर दरवर्षी धुऊन दोरीवर वाळत घातला. घातला मात्र कधीच नाही. "थंडी वाढली तर असावा," म्हणायची.

आता खळ्याबद्दल सांगितलं पाहिजे, म्हणजे पुढचं कळेल. शेतकऱ्याचं खळं धान्याचं, आमचं मासळीचं. किनाऱ्यावरची मोकळी, शेणाने सारवलेली जमीन. तिथे बायका जवळा, मांदेली, वाकट्या सुकवतात. जमीन सगळ्या गावाची, पण प्रत्येक घराची जागा ठरलेली. कुठे दगड नाही, खूण नाही, तरी भांडण नाही. सासूची जागा सुनेकडे जाते, एवढंच. जिला गावात सासू नाही तिला खळ्यावर जागा नाही. दुसरा नियम पायांचा. खळ्यावर चप्पल घालून कोणी पाऊल टाकत नाही. सुकणारी मासळी म्हणजे ताटातलं अन्न. तांडेल असो नाहीतर सरपंच, पायातलं बाहेर काढायचं.

आमच्या बायकांच्या टाचा लहानपणापासून त्या जमिनीवर भाजून निघालेल्या. हिचे पाय मऊ. माझी बायको तिला मदतीला म्हणून आमच्या जागेवर घेऊन गेली तेव्हा पहिल्याच दिवशी ती एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारायला लागली. बायका हसून लोळल्या. "नाच गो, नाच! वाजंत्री बोलावू काय?"

दुसऱ्या दिवशी ती नवऱ्याचे मोजे घालून आली.

माझी थोरली चुलत वहिनी खळ्यावरची सगळ्यांत वडीलधारी. तिने मोजे बघितले आणि म्हणाली, "ह्ये काय?"

"चप्पल न्हाय," ती म्हणाली. एवढे दोन शब्द ती रात्रीतून शिकून आली होती.

"मोजे काय हातात घालतात? पायातलंच ना ते? काढ."

तिने काढले. संध्याकाळी तळव्यांना फोड आले होते. माझ्या बायकोने कोकमाचं तेल लावून दिलं आणि विचारलं, "ऊन लागलं ना गो? उद्या नको येऊस." मी ओटीवर होतो. तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "नाय काकी. थंडी हाय." थंडीचं ते सगळं तिथून सुरू झालं. दुसऱ्या दिवशी ती अनवाणी खळ्यावर होती, आणि मी बोटीकडे जाताना मुद्दाम मला हाक मारून तिने सांगितलं की आज जरा थंडीच हाय.

ऊन तिला सोपं गेलं नाही. अंगभर घामोळं उठायचं. दुपारी खोलीतली फरशी ओली करून तिच्यावर गाल टेकून झोपायची. एकदा भोवळ येऊन जवळ्यातच पडली. शुद्धीवर येताच केसांतला जवळा वेचून परत जागेवर टाकायला लागली. सुक्या मासळीच्या वासाने तिला मळमळायचं, म्हणून नाकाशी तिरफळ धरून बसायची. तिरफळ हाती लागलं तो दिवस मला आठवतो. बायकोने बांगड्याच्या कालवणात टाकायला काढलं होतं. हिने एक दाणा चावला, डोळे मिटले आणि एकदम रडायला लागली. बायको घाबरली. "अगो, बी काढून टाकायची असते!"

"हे आमच्याकडे हाय," ती म्हणाली. "आमच्या डोंगरात. असंच."

पुढे ती सुका जवळा, तिरफळ आणि लाल मिरची कुटून चटणी करायला लागली. आधी गावाने नाकं मुरडली. मग वाट्या घेऊन यायला लागले.

अशी वर्षं गेली. तिची बोली अशी झाली की फोनवर ऐकणाऱ्याला ती इथलीच वाटावी. आणि मग माझी बायको गेली.

आमची सून पनवेलला असते. ती मासळी खाते आवडीने, पण सुकी मासळी घरात आणत नाही, शेजारी तक्रार करतात म्हणे. त्यामुळे खळ्यावरची आमची जागा रिकामी राहिली. एक हंगाम गेला. सारवण उखडलं, कडेने वेल चढली. तिने मला येऊन विचारलं. नीट विचारलं, उंबऱ्याबाहेर उभं राहून.

"काका, काकीची जागा मी सारवू?"

"नको."

"रिकामी हाय."

"असू दे रिकामी."

मला दुःख झालं होतं, बायकोच्या जागेवर दुसरीची मासळी बघवली नसती, असं मी स्वतःला सांगत असे. लोकांनाही तसंच वाटलं. पण खरं सांगायचं तर माझ्या मनात एकच शब्द होता: परकी. तिच्या नवऱ्याने माझ्या बोटीवर घाम गाळला, तिने माझ्या बायकोचं आजारपणात अंग पुसलं, तेव्हा हा शब्द मला आठवला नव्हता. जागेचा प्रश्न आला आणि आठवला.

काही दिवसांनी सकाळी मी किनाऱ्यावर गेलो तर आमची जागा सारवलेली. वेल उपटून बाजूला टाकलेली. वर जवळा पसरलेला, आणि मधोमध ती.

मी लांबून ओरडलो, "कोणाला विचारून?"

ती उठली नाही. "तुम्हाला विचारलं, तुम्ही नाय म्हणालात," ती म्हणाली. "मग काकीला विचारलं."

खळ्यावरच्या सगळ्या बायका ऐकत होत्या. त्या तिच्या बाजूच्या होत्या असं समजू नका. जिला सासू नाही तिने जागा घेतलेली त्यांनाही खपणार नव्हती. मी नुसता गप्प उभा राहिलो असतो तरी त्यांनी तिला उठवलं असतं. पण माझा तोल गेला. मी तरातरा आत शिरलो आणि तिचा जवळा पायाने उडवला. एकदा नाही, तीनचारदा. वाळूत.

खळं एकदम गप्प झालं. मला वाटलं, माझ्या रागाला घाबरून.

"भावजी," थोरली वहिनी म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "पायात काय हाय?"

मी खाली बघितलं. चपला. मासळीवर चपला घालून उभा होतो मी. माझ्या आईच्या, माझ्या बायकोच्या जागेवर. आयुष्यात कधी ते केलं नव्हतं. आमच्या गावात दारू पिऊन पडलेला माणूससुद्धा खळ्याच्या कडेशी आला की आधी चपला चाचपडतो.

"ही पोर फोड आले तरी अनवाणी बसली," वहिनी म्हणाली. "तुम्ही आमच्यातले, आन् तुम्ही ह्ये केलंत. आता ह्या जागेबद्दल तुम्ही बोलायचं न्हाय."

दुसरी कोणीतरी म्हणाली, "वहिनी, पण तिला सासू..."

"हाय ना. मी हाय. कोणाला काय बोलायचंय?"

बायका आपापल्या मासळीकडे वळल्या. ही पोर तोवर सूप घेऊन वाळूतला जवळा गोळा करून पाखडायला लागली होती. मी चपला हातात घेऊन बाहेर पडत होतो, तेव्हा मागून तिने हाक मारली. वाटलं, शिव्या घालेल.

"काका, सांभाळून चाला. जमीन थंड हाय."

बायका अशा हसल्या की मला घरापर्यंत ऐकू येत होतं.

खरी गोष्ट एवढी आहे. ती मी आज लिहितोय, कारण गावात दुसरीच गोष्ट चालते. पुढे पर्यटक वाढले. तिच्या चटणीचं नाव झालं. गाड्या थांबायला लागल्या, कोणी कोणी मोबाईलवर तिचे व्हिडिओ काढले. लोक विचारायचे, नेपाळची बाई कोळ्यांच्या खळ्यावर कशी? तेव्हा गावाला सांगायला काहीतरी चांगलं हवं होतं. "आमच्या काकांनी स्वतःच्या बायकोची जागा तिला दिली. लेकीसारखी!" हे पहिल्यांदा कोण बोललं माहीत नाही. मी नव्हतो बोललो. पण नाही असंही म्हणालो नाही. थोरली वहिनी तोवर गेली होती. देवळापुढच्या कार्यक्रमात माझा सत्कार झाला, शाल आणि नारळ. ती पहिल्या रांगेत बसून सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होती.

परत येताना ती माझ्याबरोबर चालत होती.  मग हात पुढे करून म्हणाली, "शाल द्या."

"कशाला?"

"थंडी हाय."

मी दिली. दुसऱ्या दिवशी भर उन्हात, सगळ्या खळ्यासमोर, ती शाल पांघरून जवळा पसरत बसली. मला बघून तळहात चोळले. तिने मला कधी सुनावलं नाही, कधी माफही केलं नाही. तिने शाल पांघरली.

गेल्या हंगामाच्या शेवटी तिच्या नवऱ्याच्या गावाहून निरोप आला. सासू अंथरुणाला खिळलेली, बघायला कोणी नाही. दोघंही निघाले. जायच्या आदल्या दिवशी तिने जागा सारवली. मी म्हणालो, "जातेस तर सारवतेस कशाला?"

"येणार म्हणून," ती म्हणाली. शाल पिशवीत होती, स्वेटर दोरीवर तसाच राहिला.

थंडीच्या दिवसांत एकदा तिचा फोन आला. मागे लाकडं तडतडल्याचा आवाज येत होता. बोलताना तिचे दात वाजत होते, मला स्पष्ट ऐकू येत होतं. मी विचारलं, "बर्फ पडतो काय गो?"

"नाय काका. लय गरम होतंय." मग म्हणाली, "जागा हाय ना?"

"हाय," मी म्हणालो.

त्यानंतर फोन नाही. मी लावतो, लागत नाही. सासू आहे की गेली, ही कधी येणार, येणार की नाही, मला काही माहीत नाही.

आता गावात पार्किंगची गोष्ट निघाली आहे. गाड्या लावायला जागा नाही, खळ्याची रस्त्याकडची कड हवी. तिचीच जागा. माझा पुतण्या पंचायतीत आहे. चांगला मुलगा आहे, मला मान देतो. परवा येऊन म्हणाला, "काका, ती काय परत येत न्हाय. तुम्हीच मोठ्या मनाने दिली होती, आता तुम्हीच परत घ्या. तुम्ही हो म्हणालात तर कोणी बोलणार न्हाय."

मी म्हणालो, "बस. तुला एक सांगायचंय." आणि वर लिहिलंय ते सगळं सांगितलं. चपलांचंसुद्धा.

 तो म्हणाला, "काका, आता कशाला हे? लोक तुम्हाला चांगलं म्हणतात."

"म्हणू देत नाहीतर न म्हणू देत. मी दिलीच नव्हती ती जागा. जे दिलंच नाही ते परत कसं घेऊ? तिने घेतली, तिच्या इथल्या सासूने दिली. हवी तर तिला विचारा."

"ती हाय कुठे विचारायला?"

"मग थांबा."

नुसत्या बोलण्याने खळ्यावर जागा राहत नाही हे मला ठाऊक आहे. तिथे मासळी दिसावी लागते. म्हणून या हंगामात मी स्वतः जागा सारवली. वाकडीतिकडी झाली, बायकांनी नावं ठेवली, एकीने येऊन अर्धी पुसून पुन्हा सारवली. आता मी रोज जवळा घेऊन जातो, चपला कडेला काढतो आणि बसतो. म्हातारपणी तळवे मऊ झाले आहेत. पहिल्या दिवशी मीही नाचलो. "वाजंत्री बोलावू काय, काका?" ऐकून घेतलं.

काल दुपारी एक मोठी गाडी खळ्याच्या कडेशी येऊन थांबली. ड्रायव्हर उतरला, तरुण, डोळ्यांवर काळा चष्मा. "आजोबा, एवढ्या उन्हात काय बसलाय? सरका की जरा, गाडी लावतो."

अंगातून पाणी चाललं होतं. डोळ्यांपुढे पांढरं दिसत होतं. मी जवळा पसरता पसरता त्याच्याकडे बघितलं आणि तळहात चोळले.

"आज जरा थंडीच हाय," मी म्हणालो.

तो हसला आणि बुटासकट एक पाऊल पुढे आला. माझ्या मागून खळ्यावरच्या सगळ्या बायका एकदम ओरडल्या, "पायातलं काढ!"