लागण होत नाही

आमच्या जुन्या युनिटमधले आम्ही काही जण अजून अधूनमधून भेटतो. चहा यायच्या आत कुणीतरी म्हणतं, "त्या कात्रजच्या बाई आठवतात का गं?" आणि झालं! चहा गार होतो.

हार्टवाल्यांकडे आमच्याइतके किस्से नसावेत. त्यांचा पेशंट येतो, ऑपरेशन होतं, पेढे देऊन घरी जातो. आमचा सोरायसिसचा पेशंट परत परत येतो. वर्षानुवर्षं येतो. त्याचं लग्न ठरतं, मोडतं, पुन्हा ठरतं, पोरं शाळेत जातात, हे सगळं आमच्यासमोर. किस्से साठणारच!

सोरायसिस म्हणजे अंगावर लाल चट्टे आणि त्यावर पांढरा कोंडा. खाज, भेगा, कधी रक्तही. हा त्वचेचा दाह नक्की कशामुळे होतो, हे शोधायचं आमचं काम. पुण्यातल्या एका हॉस्पिटलच्या मागच्या इमारतीत आमचं युनिट होतं. शहरात कॉम्प्युटरच्या कंपन्यांची लाट आली होती, त्या काळातली गोष्ट. मी तिथे ज्युनिअर डॉक्टर. दामले सर प्रमुख. बोलायला तिखट, हाताला मऊ. आणि कांबळे सिस्टर, ज्यांच्यामुळे युनिट चालायचं.

*

सदाशिव पेठेतले आपटे मास्तर पहिल्याच दिवशी सरांसमोर ताठ बसले.

"डॉक्टर, हे मला कशामुळे झालं?"

"ते अजून कुणालाच नीट माहीत नाही. तेच शोधतोय."

"म्हणजे आपला अभ्यास झालेला नाही!"

"चालू आहे," सर म्हणाले.

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "मी जन्मभर अभ्यास करून मग वर्गात जात होतो. असो. काय मदत हवी?"

तपासणीसाठी त्वचेचा छोटा तुकडा काढावा लागतो. माणसं घाबरतात. मास्तरांनी पाठ पुढे केली. "घ्या. पण निकाल लागला की कळवायचं. पत्ता बदलणार नाही."

दर खेपेला आत येताना ते एकच विचारायचे, "लागला?" सर मान हलवायचे. मास्तर म्हणायचे, "एटीकेटी!"

एका दिवाळीनंतर त्यांच्या सूनबाई आल्या. एकट्याच. मास्तर गेल्याचं त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं. झोपेतच गेले होते. मग जरा घुटमळल्या.

"आदल्या दिवशी मला म्हणत होते, हॉस्पिटलकडे गेलीस तर विचारून ये. लागला का म्हणून."

सरांनी त्यांना बसायला खुर्ची दिली. मग नेहमीसारखी मान हलवली.

*

येरवड्याचा शेळके कारखान्यात फिटर होता. त्याचा सोरायसिस डोक्यात. एका सलूनवाल्याने सगळ्यांसमोर खुर्चीवरून उठवलं, तेव्हापासून तो केस घरीच कात्रीने कापायचा. आरशात बघून. कसेही.

सरांनी ते डोकं पाहिलं आणि भडकले. रविवारी त्याला स्वतःच्या गल्लीतल्या सलूनमध्ये घेऊन गेले. मालक सरांचा जुना माणूस. शेळकेचं डोकं बघून तो थबकला.

"सर, हे... मला होईल."

"मी ह्याच्या डोक्यावर रोज हात फिरवतो. मला झालंय का? कापा!"

मालकाने निमूट कापले. छान कापले. शेळके आरशात इतका वेळ बघत राहिला, की मागचं गिऱ्हाईक कंटाळून निघून गेलं. सर खुशीत! सोमवारी आम्हाला सगळं साग्रसंगीत सांगितलं. "समजावून सांगितलं की लोक ऐकतात," असं वर म्हणाले.

पुढच्या महिन्यात सर स्वतःचे केस कापायला गेले. मालकाने अगदी आदराने बसवलं. मग कोपऱ्यातल्या खिळ्यावरून एक वेगळा टॉवेल काढला.

"हे काय?"

"तुमचा आणि त्या पाहुण्यांचा वेगळा ठेवलाय, सर!"

*

एका अभ्यासात आम्ही प्रत्येक पेशंटला विचारायचो, की रोग सुरू होण्याआधी घरात काही मोठं घडलं होतं का. मनाच्या ताणाचा त्वचेच्या दाहाशी संबंध असतो, तो आम्हाला तपासायचा होता.

स्वारगेट डेपोतले एक एसटी ड्रायव्हर होते, मोरे नावाचे. दोन्ही तळवे फाटलेले. स्टिअरिंगला फडकं गुंडाळून गाडी चालवायचे.

"काही घडलं होतं का?" मी विचारलं.

"काय न्हाय."

"आठवून बघा. आजारपण, भांडण, कुणाचा मृत्यू..."

"काय न्हाय म्हनलं की मॅडम."

त्यांची बायको दाराशी उभी होती. ती हळूच म्हणाली, "पोरगं गेलं न्हवं का आमचं. तळ्यात. त्याच्या महिन्याभरानं हे निघालं हातावर."

मी पेन उचललं. मोऱ्यांनी तो फाटका तळवा माझ्या कागदावर आडवा ठेवला.

"ते लिहू नका. रोगाला त्याचं नाव लावू नका. पोरानं काय केलंय त्यात?"

मी सरांकडे बघितलं. सर म्हणाले, "'काही नाही' लिही."

आमच्या अभ्यासात मोऱ्यांच्या घरी काहीही घडलेलं नाही.

*

प्रशांत यवतमाळचा. इंजिनिअर होऊन पुण्यात आला आणि कॉल सेंटरला लागला. कपाळभर, कानामागे, भुवयांत सोरायसिस.

"मॅडम, हे काम बेस्ट आहे," तो म्हणायचा. "नुसता आवाज लागते. थोबाड कोण पाहते?"

आवाज खरोखर गोड होता त्याचा. एक दिवस धावतपळत आला. त्याला महिन्याचा बेस्ट एम्प्लॉयी केलं होतं!

सिस्टरांनी टाळ्या वाजवल्या. प्रशांत मात्र कपाळावरचे चट्टे चाचपत होता.

"फोटो लावतात भिंतीवर. मोठा. पुढच्या आठवड्यात काढणार. फोटोपुरतं तरी जाईल का हे?"

सरांनी कपाळ नीट तपासलं. सरांना त्याला खोटं सांगता आलं असतं, पण त्यांनी सांगितलं नाही. "एका आठवड्यात नाही जाणार, बाळा. तसाच काढ फोटो."

पुढच्या खेपेला आम्ही सगळे वाट बघत होतो. "काय रे, लागला का फोटो?"

"लागला ना!" तो हसला. "मी फोटो दिलाच नाही, तर त्यांनी सूर्यफुलाचा लावला. सगळे चेहरे हसतात आणि मधी एक सूर्यफूल. जोरात दिसते!"

कांबळे सिस्टर म्हणाल्या, "असू दे. खाली नाव तर तुझंच आहे ना?"

"नाही सिस्टर. अमेरिकेच्या लोकांना प्रशांत म्हणता येत नाही. खाली स्टीव्ह लिहिलं आहे."

*

आता त्या कात्रजच्या सुनंदाबाई. शाळेत शिवण शिकवायच्या. दुसऱ्यांचे ब्लाउज असे शिवायच्या की बघत राहावं. स्वतःचे मात्र मनगटापर्यंत बाह्यांचे. भर मे महिन्यातही!

तेव्हा परदेशातल्या एका कंपनीचं नवं इंजेक्शन आलं होतं. आमच्याकडे त्याची चाचणी होती. सुनंदाबाई तीत आल्या. हे औषध कधीही थांबू शकतं, हे सरांनी त्यांना स्वतः समजावलं. त्या "हो, हो" म्हणाल्या. सगळेच म्हणतात.

आणि काय सांगू! काही महिन्यांत हात स्वच्छ. एवढ्या वर्षांचे चट्टे, जणू कुणी पुसून घेतले. एका सकाळी त्या आखूड बाह्यांचा अंजिरी ब्लाउज घालून आल्या. दारातच दोन्ही हात पुढे करून उभ्या राहिल्या. लहान मुलं नखं दाखवतात तशा. सिस्टरांनी त्यांना नेहमीच्या स्टुलावर बसू दिलं नाही, सगळ्या वॉर्डात फिरवून आणलं!

मग कंपनीने चाचणी बंद केली. तिकडे काहीतरी बिघडलं, आम्हाला धड सांगितलंही नाही. सरांनी मेलवर मेल केले. निदान ज्यांना गुण येतोय त्यांना तरी औषध द्या. उत्तर आलं, आपल्या सहकार्याबद्दल आभार.

सुनंदाबाईंना सांगायचं काम माझ्याकडे आलं. त्यांनी ऐकून घेतलं. "मग आता परत तसंच?"

"बहुतेक," मी म्हणाले.

पावसाळा संपेपर्यंत चट्टे परत आले. त्या तपासणीला आल्या तेव्हा तोच अंजिरी ब्लाउज अंगात होता, पण बाह्या लांब. कोपराच्या वर काठाची सुंदर पट्टी लावून खाली नवं कापड जोडलं होतं.

"जोड कळतसुद्धा नाही," मी म्हणाले.

"उसवता येईल असा शिवलाय," त्या म्हणाल्या.

*

शनिवार पेठेतले पेंडसे काका टेलिफोन ऑफिसातून रिटायर झालेले. चट्टे सगळे पाठीवर. तिथे आपला हात पोचत नाही, म्हणून रोज संध्याकाळी सिस्टरांकडून डांबराचं मलम लावून घ्यायला यायचे. थंडी असो, बंद असो, काका हजर.

"घरी कुणी नसतं का हो?" सिस्टरांनी एकदा विचारलं.

"घरी सगळे असतात," काका म्हणाले.

पुढे विचारायची सोय ठेवली नाही.

खूप महिने मलम आणि उन्हाचे शेक घेतल्यावर पाठ बरी झाली. अगदी कोरी! सरांनी थाप मारली. "पेंडसे, सुटलात! उद्यापासून यायचं नाही."

काकांनी सावकाश शर्टाची बटणं लावली. "बरं," म्हणाले आणि गेले. आम्हाला वाटलं होतं, पेढे आणतील.

काही दिवसांनी एक बाई आल्या. नऊवारीतल्या नाहीत, साध्या गोल साडीतल्या, हातात कापडी पिशवी.

"मी पेंडश्यांची मंडळी. ते मलम द्याल का?"

"अहो काकू, ते बरे झालेत," सिस्टर म्हणाल्या.

"ते सांगितलं त्यांनी. पण इथे यायचे बंद झाल्यापासून धड जेवत नाहीत. संध्याकाळ झाली की चपला घालून दारात उभे राहतात, मग परत काढतात." काकूंनी पिशवी छातीशी घट्ट धरली. "तुम्ही कसं लावत होता, तेवढं मला दाखवा."

सर आतून बाहेर आले. काकूंनी त्यांना विचारलं, "डॉक्टर, आता ते पूर्ण गेलंय. आता तरी दुसऱ्याला होणार नाही ना?"

"आधीही होत नव्हतं," सर म्हणाले.

"अगदी सुरुवातीला होतं तेव्हा?"

"तेव्हाही नाही. हे कधीच कुणाचं कुणाला होत नाही."

काकू सरांकडे बघत राहिल्या. "हे ह्यांना माहीत आहे?"

"पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मी," सर म्हणाले.

"मी अंथरूण वेगळं केलं तेव्हा काहीच बोलले नाहीत," काकू म्हणाल्या. "स्वतःच उशी उचलून बाहेरच्या खोलीत गेले."



कांबळे सिस्टर कपाटापाशी गेल्या. डांबराचं मलम नाही, साध्या व्हॅसलिनची बरणी काढली. काकूंच्या हातात दिली. मग काकूंकडे पाठ करून स्टुलावर बसल्या आणि पांढऱ्या साडीचा पदर खांद्यावरून बाजूला घेतला.

"दाखवा बरं, कसं लावाल."

काकूंनी दोन बोटं बरणीत बुडवली. हात सिस्टरांच्या मानेजवळ नेला आणि तिथेच थांबल्या.

"जरा गार लागेल हं," त्या म्हणाल्या.